मोका चाचणी: गुणांइतक्याच चुकाही वाचायला हव्यात

स्मृतिभ्रंशाची शंका आल्यावर सुरुवातीलाच ज्या चाचण्या घेतल्या जातात, त्यांत ‘माँट्रियल कॉग्निटिव्ह असेसमेंट’ म्हणजेच मोका ही एकपानी चाचणी आज बरीच प्रचलित आहे. न्यूरॉलॉजिस्ट झियाद नासरेद्दीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती 2005 मध्ये प्रसिद्ध केली. तोवर 1975 पासून वापरात असलेल्या एमएमएसई (मिनी-मेंटल स्टेट एक्झामिनेशन) चाचणीवरच प्रामुख्याने भिस्त होती. दोन्ही चाचण्या 30 गुणांच्या असल्या, तरी मूळ अभ्यासात स्मृती व आकलनाचा सौम्य ऱ्हास असलेल्यांपैकी 90 टक्के व्यक्ती मोकाने हेरल्या आणि एमएमएसईने केवळ 18 टक्के. ही चाचणी नियमितपणे घेत असल्याने तिचे हे सामर्थ्य मला मान्य आहे. मात्र एकूण गुणांचा आकडा सांगून कागद बाजूला ठेवण्याची पद्धत मला अजिबात पटत नाही.

घड्याळाचेच पाहा. वर्तुळ काढून त्यात आकडे भरायचे आणि 11 वाजून 10 मिनिटे दाखवायची, एवढेच काम असते. काही जण आकडे व्यवस्थित मांडतात, पण ‘दहा मिनिटे’ ऐकून मिनिटकाटा 2 ऐवजी थेट 10 या आकड्याकडे नेतात. गुण जातो एकच. परंतु कानावर पडलेल्या शब्दामागे न जाता नियोजन करण्याची क्षमता कुठे अडखळते आहे, हे त्या एका रेघेत दिसते.

याहून मोलाचा भाग म्हणजे पाच शब्दांची आठवण. (ते शब्द येथे मुद्दाम देत नाही, कारण आधीच पाठ झाले तर चाचणीचा उपयोगच संपतो.) सुमारे पाच मिनिटांनी आपणहून आठवलेल्या शब्दांनाच गुण मिळतात, त्यानंतर शब्द कोणत्या प्रकारचा होता हे सुचवून आणि शेवटी पर्याय देऊन पुन्हा विचारता येते. सूचनेनंतर शब्द आठवला, तर तो मनात साठलेला होता, फक्त बाहेर काढता येत नव्हता. सूचना देऊन, पर्याय समोर ठेवूनही शब्द ओळखू येत नसेल, तर साठवणच झालेली नसण्याची शक्यता वाढते, आणि हिप्पोकॅम्पसवर, म्हणजे नव्या आठवणी साठवणाऱ्या मेंदूच्या भागावर, लवकर आघात करणाऱ्या अल्झायमरमध्ये हेच आढळते. घाईत हा टप्पा गाळला जातो, याचे मला फार वाईट वाटते.

उणिवाही गंभीर आहेत. शिक्षण 12 वर्षे किंवा त्याहून कमी असल्यास एक गुण वाढवून दिला जातो, पण शाळेची पायरीच न चढलेल्या व्यक्तीला त्याने न्याय मिळत नाही. अशांसाठी ‘मोका बेसिक’ ही वेगळी आवृत्ती वापरावी. 26 किंवा अधिक गुण म्हणजे सामान्य, ही मर्यादा काटेकोर पाळली, तर निरोगी माणसांवरही शिक्का बसतो. नैराश्य, कमी ऐकू येणे, ब12 जीवनसत्त्वाची कमतरता किंवा थायरॉइडचा विकार यांनीही गुण घसरू शकतात. उलट, उच्चशिक्षित व्यक्ती ऱ्हास सुरू होऊनही मर्यादेच्या वर राहू शकते.

मे 2025 मध्ये अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने लक्षणे असलेल्या, 55 वर्षे व त्यावरील व्यक्तींसाठी पी-टाउ217 या प्रथिनावर आधारित रक्तचाचणीला मान्यता दिली. अल्झायमरमध्ये मेंदूत साचणाऱ्या अमायलॉइड या प्रथिनाचा ती अंदाज देते. स्मृती, नियोजन यांसारख्या क्षमता कितपत शाबूत आहेत, हे मात्र ती सांगत नाही. त्यामुळे मोकाची गरज कायम आहे. चाचणी करून घेणाऱ्यांनी गुणांसोबत भरलेल्या कागदाची प्रतही मागून ठेवावी, म्हणजे पुढच्या वेळी पर्यायी आवृत्तीवर चाचणी झाली तरी नेमके कुठे घसरण झाली, हे डॉक्टरांना ताडून पाहता येईल.