बिल यायच्या आधीच पैसे भरायला लागले: क्रेडिट कार्डाचा नऊ महिन्यांचा अनुभव

गेल्या जुलैत बँकेतल्या साहेबांनी कॉम्प्युटरची स्क्रीन माझ्याकडे वळवली आणि एका आकड्यावर बोट ठेवलं. ६८८. माझा क्रेडिट स्कोअर, म्हणजे कर्ज फेडण्याच्या सवयीला दिलेले गुण. "ताई, एवढ्यावर मशीनचं लोन अवघड आहे," म्हणाले. मी थंड पडले. बेळगावच्या शहापुरात आमचं ब्लाउज शिवायचं दुकान आहे, चार बायका हाताखाली आहेत, आणि कॉम्प्युटरवरची एम्ब्रॉयडरी मशीन घ्यायची म्हणून दोन वर्षं पैसे साठवत होते. कार्डाचं बिल वेळच्या वेळी पूर्ण भरत होते. भिशी अकरा वर्षं एकदाही चुकवली नाही. सोसायटीचं कर्ज मुदतीआधी फेडलं. मग स्कोअर कमी कसा?

घरी येऊन मुलाला बसवलं आणि सिबिलचा पूर्ण रिपोर्ट काढला. सिबिल म्हणजे आपल्या कर्जांचा आणि कार्डांचा हिशेब ठेवून स्कोअर देणारी कंपनी, अशा कंपनीला ब्युरो म्हणतात. वर्षातून एक पूर्ण रिपोर्ट प्रत्येक ब्युरोकडून फुकट मिळतो, हे मला तोवर माहीत नव्हतं. सिबिल, एक्सपीरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हाय मार्क अशा चार ठिकाणांहून तो काढता येतो. आपण स्वतः बघितल्याने स्कोअर कमी होत नाही. आमच्याकडे बायका त्याच भीतीने बघतच नाहीत, म्हणून हे मुद्दाम लिहिते.

रिपोर्ट इंग्रजीत. मुलगा एकेक ओळ वाचून सांगत होता, मी वहीत लिहून घेत होते. तिथे तीन गोष्टी सापडल्या.

पहिली जुनी होती. दुकान सुरू करताना कार्ड घेतलं तेव्हा खात्यातून आपोआप पैसे कापायच्या फॉर्मवर सही केली होती. फॉर्म कन्नड आणि इंग्रजीत होता. मला कन्नड बोलता येतं, बारीक अक्षरातलं वाचायला वेळ लागतो, आणि मागे रांग होती. खूण 'मिनिमम'वर, म्हणजे बिलातली कमीत कमी रक्कमच कापायच्या पर्यायावर पडली. चार महिने मी समजत होते की पूर्ण बिल कापलं जातंय. कळलं तेव्हा ४०,००० बाकी होते. महिन्याला साडेतीन टक्के म्हणजे १,४०० व्याज, त्यावर १८ टक्के जीएसटी २५२. कापले जायचे २,०००, त्यातून मूळ रक्कम कमी व्हायची जेमतेम ३४८. वर नवीन खरेदीवर पहिल्या दिवसापासून व्याज, कारण मागची बाकी राहिली की बिनव्याजी दिवस मिळत नाहीत. पाचव्या महिन्यात खात्यात तेवढेही नव्हते, गौरी-गणपतीचे दिवस होते, आणि बिल नऊ दिवस उशिरा गेलं. रिपोर्टमध्ये महिन्यांच्या चौकटी असतात. सगळीकडे ०००, आणि त्या एका चौकटीत ००९. मी त्याच्याकडे किती वेळ बघत बसले होते. मुदतीनंतर तीन दिवसांपर्यंत उशीर झाला तर बँक तो थकबाकी म्हणून कळवू शकत नाही, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. माझे नऊ होते.

दुसरी गोष्ट फ्रिजची. हप्त्यावर घेतलेला, सगळे हप्ते फिटलेले, तरी रिपोर्टमध्ये ते कर्ज चालूच दिसत होतं. सिबिलच्या साइटवर तक्रार टाकली, नंतर कर्ज फिटल्याचं पत्र घरात शोधून त्या फायनान्सवाल्यांनाही पाठवलं. चोविसाव्या दिवशी दुरुस्त झालं. अशी तक्रार ३० दिवसांत निकाली काढायची असते, नाहीतर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई आहे. फिटल्याचं पत्र जपून ठेवा, मला ते देव्हाऱ्याखालच्या ड्रॉवरमध्ये सापडलं नसतं तर परत खेटे पडले असते.

तिसरी गोष्ट मात्र माझ्या डोक्यातच आली नव्हती. कार्डाचं लिमिट ६०,०००, आणि रिपोर्टमध्ये बाकी दिसत होती ४८,३१०. पण मी तर सगळं भरत होते! मुलाने तारखा लावून दाखवल्या. माझं बिल १२ तारखेला बनतं आणि भरायची मुदत पुढच्या महिन्यात. मी मुदतीच्या दोन दिवस आधी सगळं भरायची. पण ब्युरोकडे जाताना १२ तारखेच्या बिलाचाच आकडा गेला होता. म्हणजे त्यांच्या लेखी मी दर महिन्याला लिमिटचे ऐंशी टक्के वापरून बसलेली बाई. व्याजाचा एक रुपया लागत नव्हता, तरी स्कोअरला मार बसत होता.

पैसे तेच, खर्च तोच. रविवार पेठेतल्या होलसेलवाल्याकडचं अस्तर, जरीचे रीळ, हेस्कॉमचं विजेचं बिल, मुलाची फी. बदलायची होती फक्त भरायची तारीख.

लिमिटच्या ३० टक्क्यांच्या आत राहावं असं सगळे सांगतात. हा काही कायदा नाही, पण धरून चालायला बरा आकडा आहे. माझ्यासाठी म्हणजे १८,०००. तेव्हा १२ तारखेच्या आधी तीस हजार भरायचे कुठून? आमच्या धंद्यात गिऱ्हाईक ब्लाउज नेताना पैसे देतं, चंदगड-खानापूरची गिऱ्हाइकं तर लग्नाच्या आदल्या दिवशी येतात. एकरकमी जमेना. मग दर सोमवारी रात्री गल्ला मोजून, त्या आठवड्यात कार्डावर जेवढं घातलं तेवढं फोनवरून भरायला लागले. कधी ६,०००, कधी ९,५००. दुकानातल्या कालनिर्णयवर ९ तारखेला लाल गोल केला, कारण पैसे जमा दिसायला कधी एक-दोन दिवस लागतात. त्या दिवशी कार्डाची बाकी बघायची आणि १८,०००च्या वर असेल तेवढं भरून टाकायचं. राहिलेलं बिल मुदतीला आपोआप कापतं, आता खूण 'टोटल'वर आहे. बँकेत जाऊन समोर बसून बदलून घेतली.

ऑगस्टअखेर ७०१. सप्टेंबरात ७२६. फ्रिजची दुरुस्तीही याच काळातली, त्यामुळे किती गुण कशाचे ते वेगळं सांगता येणार नाही. पण पुढे जे झालं त्यावरून माझी खात्री पटली. दिवाळीत रात्री एक-एक वाजेपर्यंत शिवण चालू होती, ९ तारीख निघून गेली आणि ४१,०००चं बिल पडलं. मुदतीत पूर्ण भरलं, तरी स्कोअर ७०९. डिसेंबरात परत ताळ्यावर आले, ७३१. जास्त वापराचा डाग पुढच्या बिलात निघून जातो. उशिराची ती ००९ची चौकट तशी निघत नाही, रिपोर्टमध्ये ३६ महिन्यांचा हिशेब दिसतो.

माझ्या या नऊ महिन्यांत बँका महिन्यातून दोनदा, १५ तारखेला आणि महिनाअखेरीला, ब्युरोकडे माहिती पाठवत होत्या. १ जानेवारी २०२५ पासून हे सुरू झालं. त्यामुळे फरक लवकर दिसायचा, चांगलाही आणि वाईटही.

जानेवारीत लिमिट एक लाख करून घेतलं. आमचे हे विरोधात होते, लिमिट वाढलं की खर्च वाढतो म्हणायचे. त्यांची भीती खोटी नाही, ज्यांचा हात सैल आहे त्यांनी या वाटेला जाऊ नये. मी खर्च होता तेवढाच ठेवला, त्यामुळे टक्का आपोआप खाली आला. स्कोअर ७४८. दिरांनी जुनं, फी नसलेलं दुसरं कार्ड बंद करायला सांगितलं होतं, ते ऐकलं नाही. त्यावर महिन्याला फक्त फोनचं रिचार्ज टाकते. बंद केलं असतं तर त्याचं लिमिट गेलं असतं आणि एकूण वापराचा टक्का वाढला असता.

फेब्रुवारीत एक चूक केली. घाईघाईत एका आठवड्यात तीन ठिकाणी लोनचे अर्ज टाकले. प्रत्येकाने रिपोर्ट मागवला आणि स्कोअर ७४१वर आला. अर्ज एका जागी करा, उत्तर येऊ द्या, मगच दुसरीकडे जा.

भिशीचं मला खरंच वाईट वाटलं. अकरा वर्षांची वेळेवरची भिशी रिपोर्टमध्ये दिसत नाही. सोसायटीचं फिटलेलं कर्जही माझ्या रिपोर्टमध्ये कुठेच नव्हतं. बेळगावात निम्मं शहर सोसायट्यांवर आणि भिश्यांवर चालतं. इथल्या बायकांची पत गल्लीत सगळ्यांना ठाऊक असते आणि बँकेच्या स्क्रीनवर कोरी. म्हणून एक साधं कार्ड नीट चालवणं मला गरजेचं वाटतं.

एप्रिलमध्ये ७६३ झाला. त्याच साहेबांसमोर परत बसले. साडेतीन लाख मंजूर झाले, मशीन आली, आणि पहिलं डिझाइन माझ्याकडच्या सगळ्यात जुन्या कारागीर अक्कांनी काढलं. हिरव्या इरकलीवरची मोराची बाही.

आता नणंदेचा रिपोर्ट काढलाय. लिमिट ३०,०००, बिल २७,०००, एकही दिवस उशीर नाही, तरी स्कोअर ६९५. तिचं बिल १९ तारखेला बनतं. काल वडगावला जाऊन तिच्या कालनिर्णयवर १६ला लाल गोल करून आले.