बुडत्या मोटार कंपनीला सरकारी पैसा : दोन वाटा आणि माझा कल

मोटार कंपनी डबघाईला आली की सुटे भाग पुरवणाऱ्या आमच्यासारख्या छोट्या कारखानदारांकडे एक निवेदन सहीसाठी फिरू लागते. सरकारने मदत करावी, कर्जाला हमी द्यावी, हजारो कुटुंबांच्या पोटाचा प्रश्न आहे, असा त्याचा मजकूर असतो. साकीनाक्याच्या गाळ्यात मी पस्तीस वर्षे पत्र्याचे ब्रॅकेट आणि क्लॅम्प बनवले. त्या काळात अशा एका निवेदनावर मी सही केली आणि पुढे दुसऱ्यावर सही करण्याचे नाकारले. आज ज्यांना हा निर्णय घ्यायचा आहे, मग ते पुरवठादार असोत, कामगार असोत किंवा केवळ कर भरणारे नागरिक असोत, त्यांच्यासाठी दोन्ही वाटा येथे शेजारी शेजारी ठेवत आहे. एक वाट कंपनीच करदात्यांच्या पैशाने उभी ठेवण्याची. दुसरी वाट कंपनीला मिटू देऊन तोच पैसा कामगारांची देणी, लहान पुरवठादारांची येणी आणि माणसांना नवे काम मिळेपर्यंतचा आधार यांवर खर्च करण्याची.

पहिल्या वाटेची बाजू लंगडी आहे असे कोणी समजू नये. १९८० मध्ये अमेरिकी सरकारने क्रायस्लर या मोटार कंपनीच्या दीड अब्ज डॉलरपर्यंतच्या कर्जाला हमी दिली. त्या बदल्यात कामगार संघटनेने वेतनात सवलत दिली, बँकांनीही आपल्या अटी सैल केल्या, आणि कंपनीचे प्रमुख ली आयकोका यांच्या कारकिर्दीत कंपनीने ते कर्ज १९८३ मध्ये, मुदतीच्या कितीतरी आधी, फेडून टाकले. सरकारला त्यात वर नफाच झाला. जनरल मोटर्सचा हिशेब इतका सरळ नाही. तेथे सुमारे ५० अब्ज डॉलर सरकारी पैसा गुंतला, डिसेंबर २०१३ मध्ये सरकारने आपले शेवटचे समभाग विकले, तेव्हा त्यातले दहा अब्ज डॉलरहून अधिक परत आलेले नव्हते. तरीही कारखाने एकाएकी बंद पडले असते तर बेकारभत्ता आणि बुडालेला कर यांपोटी सरकारला किती सोसावे लागले असते, असा प्रश्न कोणी विचारला तर तो मला रास्त वाटतो.

मात्र त्या प्रकरणातील तारखा पाहाव्यात. जनरल मोटर्सने १ जून २००९ रोजी दिवाळखोरीचा अर्ज केला आणि १० जुलैला नवी कंपनी कामाला लागली. मधले चाळीस दिवस. पॉन्टियाक, सॅटर्न, हमर ही तिच्या गाड्यांची नावे पुढे बंद झाली आणि मुख्याधिकाऱ्याला तर मार्चमध्येच पायउतार व्हावे लागले होते. त्याच मार्चमध्ये सरकारने सुटे भाग पुरवणाऱ्यांसाठी पाच अब्ज डॉलरपर्यंतची स्वतंत्र योजना जाहीर केली, जेणेकरून मोटार कंपन्यांकडे पाठवलेल्या मालाचे पैसे बुडणार नाहीत. आपण त्याला कंपनी वाचवणे म्हणतो. माझ्या समजुतीप्रमाणे तेथे जुनी कंपनी मिटवली गेली आणि तिच्यातले चालण्याजोगे तेवढे नव्या कंपनीत नेले गेले.

याउलट ब्रिटनमधील मोटार कंपनी ब्रिटिश लेलँड. १९७५ मध्ये ब्रिटिश सरकारने ती ताब्यात घेतली, वर्षानुवर्षे पैसा ओतला, १९८८ मध्ये ब्रिटिश एरोस्पेसला विकली. पुढे ती बीएमडब्ल्यूकडे गेली, २००० मध्ये दहा पौंडांना हातावेगळी झाली आणि एप्रिल २००५ मध्ये तिचा लाँगब्रिजचा कारखाना थांबला तेव्हा सुमारे सहा हजार माणसांचे काम गेले.

माझा कल कशामुळे ठरला ते आता सांगतो. ही एका माणसाच्या वाट्याला आलेली गोष्ट आहे, तिला पाहणीचे वजन देऊ नये.

नव्वदच्या दशकात दुसऱ्या राज्यातील एका वाहन कंपनीला आम्ही माल देत होतो. साठ दिवसांची उधारी हळूहळू सहा महिन्यांवर गेली आणि मग तोट्यामुळे कंपनी कायद्याने ‘आजारी’ ठरली. पुनर्वसनासाठी सरकारी सवलती मागणारे निवेदन आले तेव्हा मी मनापासून सही केली, कारण कंपनी जगली तर माझे पैसे मिळतील, हा साधा हिशेब होता. १९८५ च्या आजारी उद्योगांच्या कायद्यातील कलम २२ मला तेव्हा ठाऊक नव्हते. कंपनीची चौकशी किंवा पुनर्वसन चालू असेपर्यंत, परवानगीवाचून, तिच्याविरुद्ध वसुलीचा दावा चालवता येत नसे. वकिलांनी फाइल बंद करून माझ्या हातात दिली आणि आता वाट पाहण्याखेरीज उपाय नाही, असे सांगितले.

वाट पाहण्याचेही मला इतके वाईट वाटले नसते. सोसवले नाही ते दरवर्षी एप्रिलमध्ये येणारे एक पत्र. कंपनीच्या लेखापरीक्षणासाठी शिल्लक पुष्टी करून मागणारे ते छापील पत्र असे. आमच्या पुस्तकांप्रमाणे ३१ मार्च रोजी आपले ३,४२,६१८ रुपये येणे आहे, ही रक्कम बरोबर असल्यास खाली सही व शिक्का मारून प्रत परत पाठवावी, असा त्यातला मजकूर. रक्कम पैपैशासह बरोबर असे. सात वर्षे, दर एप्रिलमध्ये, मी त्या कागदावर शिक्का मारला. त्या बिलांवरचा विक्रीकर मी केव्हाच स्वतःच्या खिशातून भरला होता, मालासाठी घेतलेल्या पत्र्याचे पैसे चुकते केले होते, आणि दोन पॉवर प्रेसपैकी एक विकून नऊ कामगारांपैकी चौघांना हिशेब देऊन निरोप दिला होता. त्या कंपनीच्या ब्रॅकेटचे डाय, म्हणजे साचे, मात्र तेल लावून कोपऱ्यात जपून ठेवले होते, कारण ऑर्डर पुन्हा सुरू होईल असे दरवर्षी कळवले जाई. आठव्या वर्षी कंपनी अवसायनात, म्हणजे मालमत्ता विकून गुंडाळण्यात, निघाली. बिनतारणाचा धनको म्हणून माझा क्रमांक खाली होता आणि पैसा तिथपर्यंत पोहोचला नाही. डाय भंगारात किलोवर गेले.

कंपनी पहिल्याच वर्षी मिटली असती तरी ते तीन लाख बहुधा बुडालेच असते, हे मला मान्य आहे. पण मी ती प्रेस विकायला काढली नसती, नवे गिऱ्हाईक सात वर्षे आधी शोधले असते, आणि निरोप दिलेल्या चौघांपैकी दोघे तरी टिकले असते, असे वाटते. आमच्या घराला ही गोष्ट नवी नव्हती. १९८२ च्या संपानंतर सरकारने मुंबईतील तेरा गिरण्यांचे व्यवस्थापन हाती घेतले, त्यांत वडिलांची गिरणी होती, आणि त्या दिवशी चाळीत पेढे वाटले गेले होते. भोंगा पुढे बंद झालाच. अधल्यामधल्या वर्षांत वडिलांनी दुसरे काम शिकण्याचे वय मात्र उलटून गेले.

दुसऱ्या वाटेतले खड्डेही सांगितले पाहिजेत. ऑस्ट्रेलियात फोर्डचे कारखाने २०१६ मध्ये, आणि सरकारने आणखी पैसा देण्याचे नाकारल्यावर टोयोटा आणि होल्डनचे २०१७ मध्ये बंद झाले आणि त्या देशात मोठ्या प्रमाणावर मोटारी बनवणे संपले. असा उद्योग एकदा गेला की त्याच्याबरोबर डाय बनवणारे हातही जातात. आपल्याकडे २०१६ च्या दिवाळखोरी संहितेने मुदत आखून दिली, कामगारांची चोवीस महिन्यांची देणी तारण असलेल्या बँकांच्या बरोबरीला आणली, पण मालाचे पैसे येणे असलेला पुरवठादार रांगेत अजून खालीच आहे, आणि प्रत्यक्षात मुदती लांबतात. तळेगावच्या जनरल मोटर्सच्या कारखान्यातले उत्पादन २०२० च्या अखेरीस थांबले. पुढे तो कारखाना ह्युंदाईने घेतला, म्हणजे यंत्रांना आणि जागेला धनी मिळाला. जुन्या कामगारांना सामावून घेण्याचा प्रश्न मात्र बराच काळ धुमसत राहिला. म्हणून ‘बाजार बघून घेईल’ एवढे म्हणून मोकळे होणाऱ्यांच्या बाजूने मी नाही. दुसऱ्या वाटेलाही सरकारी पैसा लागतो, आणि तो भरपूर लागतो.

तरीही कोणी माझे मत विचारले तर मी मारुतीकडे बोट दाखवतो. जुनी मारुती लिमिटेड सत्तरच्या दशकाच्या अखेरीस अवसायनात गेली होती. सरकारने १९८० मध्ये तिची मालमत्ता कायद्याने घेतली, १९८१ मध्ये मारुती उद्योग ही नवी कंपनी काढली, पुढच्या वर्षी सुझुकीशी करार केला आणि डिसेंबर १९८३ मध्ये पहिली मोटार रस्त्यावर आणली. २००७ मध्ये सरकार तिच्यातून पूर्ण बाहेर पडले. करदात्यांचा पैसा लागला, पण तो मेलेल्या कंपनीची देणी लांबवण्यात न जाता नव्या कामात लागला. सर्वच ठिकाणी हे जमेल असे नाही, कारण सुझुकीसारखा भागीदार प्रत्येक वेळी मिळत नाही.

दुसरे निवेदन माझ्याकडे आले तेव्हा आणणारे गृहस्थ माझ्या ओळखीचे होते, त्यांचेही येणे अडकलेले होते. मदत किती दिवसांत थांबणार आणि आपली बिले तोवर कोण देणार, या दोन ओळी मजकुरात घालाव्यात, असे मी त्यांना सुचवले. तसे केले तर सरकार कागद बाजूला ठेवील, असे ते म्हणाले. मी त्यांना चहा दिला आणि सही केली नाही. आजही कोणी मसुदा दाखवायला आणला तर मी आधी त्या दोन ओळी शोधतो.