चलनाची पीडीएफ आली म्हणजे टॅक्स भरला असं नाही

मी आणि माझा भाऊ बागकाम करतो, आसगाव-शिवोलीकडच्या व्हिलांची लॉनं आणि म्हापशात एका हॉटेलचं गार्डन. जून लागला की गवत इतकं फोफावतं की ब्रश कटर हातातून सुटत नाही, हिशेब लिहायला बसणार कधी, म्हणून गावातल्याच एकाला महिन्याचे पैसे ठरवून अकाउंट्स दिले. लहानपणापासून घरी येणारा माणूस. जीएसटीचं रजिस्ट्रेशन त्यानेच केलं, मोबाईल ईमेल दोन्ही स्वतःचेच टाकले, पासवर्ड पण त्याच्याकडे. मला तेव्हा बरंच वाटलेलं.

दर महिन्याला तो टॅक्सचा आकडा सांगायचा, मी त्याला गूगल पे करायचो, कधी १८ हजार कधी ३०, आणि तासाभरात व्हॉट्सॲपवर चलन यायचं, फर्मचं नाव, जीएसटी नंबर, रक्कम सगळं बरोबर.

चवथीच्या आधी माणसांना सणाचे पैसे द्यायचे होते म्हणून हॉटेलात पेमेंट मागायला गेलो तर तिथली अकाउंट्सवाली म्हणाली, तुमचं मार्चपासून एकही बिल आमच्या टू-बीत (आमच्या खरेदीची बिलं दाखवणारं जीएसटीचं स्टेटमेंट) दिसत नाही, तुम्हाला दिलेल्या टॅक्सचं क्रेडिट आम्हाला मिळत नाही, १८ टक्के कापूनच देणार. तिनेच दाखवलं, जीएसटीच्या साइटवर सर्च टॅक्सपेयरमध्ये नंबर टाकायचा आणि फायलिंग टेबल उघडायचं, कुठल्या महिन्याचं रिटर्न भरलंय ते दिसतं, लॉगिनसुद्धा लागत नाही. फेब्रुवारीनंतर सगळं कोरं. पाच महिने! मला तिथेच घाम फुटला.

मग ती चलनं कसली? तर चलन कोणीही बनवू शकतो, बनवलं की त्यावर १४ आकडी सीपीआयएन येतो, तेव्हा एक रुपयाही गेलेला नसतो. पैसे बँकेत जमा झाले की १७ आकडी सीआयएन मिळतो, आणि १५ दिवसांत भरलं नाही तर ते चलन बाद. माझ्याकडच्या पाचही पीडीएफवर सीआयएन नव्हता. नोटिसा येत होत्या त्या त्याच्याच ईमेलवर, मला कळणार कुठून.

१ लाख २६ हजार गेले, आणि तेवढेच परत सरकारला भरायचे, वर १८ टक्क्यांनी व्याज आणि लेट फी. विचारलं तर म्हणे पुढच्या महिन्यात देतो, नंतर फोनच उचलेना. पोलिसात तक्रार दिलीय. सगळ्यात लागलं ते हे की ते पैसे आमचे नव्हतेच, गिऱ्हाइकांनी टॅक्स म्हणून विश्वासाने दिलेले.

तुमचा पासवर्ड दुसऱ्याकडे अडकला असेल तर कागदपत्रं घेऊन आपल्या जीएसटी ऑफिसात जा, तिथे मोबाईल ईमेल बदलून देतात, मी तसाच बदलला. आता बिलाचे पैसे आले की टॅक्सचा भाग त्याच दिवशी वेगळ्या खात्यात टाकतो, चलन माझ्या नेटबँकिंगने मीच भरतो. आणि वहीत प्रत्येक कामाच्या जागेचं पान वेगळं ठेवलंय, मजुरी, पेट्रोल, माती-खत, टेम्पो, रात्री जेवायच्या आधी भाऊ लिहितो. जुन्या पाच महिन्यांची बिलं मात्र अजून जुळवतोय, अर्धी व्हॉट्सॲपवर सापडली, बाकीची टेम्पोच्या डॅशबोर्डमध्ये भिजलेली.