मोडलेल्या पायाला कच्च्या आहाराचा डबा: माझा तीन महिन्यांचा अनुभव

पोळ्याच्या आदल्या दिवशी शाळेतून घरी येताना पावसात माझी गाडी सिमेंट रोडच्या कडेवरून घसरली. उजव्या पायाची गुडघ्याखालची दोन्ही हाडं मोडली. पोळ्याला ऑपरेशन झालं, नडगीच्या हाडात रॉड टाकला, वर-खाली मिळून चार स्क्रू. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी रोगराई, इडापिडा घेऊन जाणाऱ्या मारबत नावाच्या पुतळ्याची मिरवणूक निघते, ती पाहायला आम्ही दरवर्षी नागपूरच्या इतवारीत जातो. या वेळी बहिणीने गर्दीतून व्हिडिओ कॉल लावला आणि सगळ्यांच्या आवाजात आपला आवाज मिसळून ओरडली, "ताईच्या पायाचं दुखणं घेऊन जा गे मारबत!" बेडवर पडल्या पडल्या मला रडू फुटलं.

घरी आल्यावर खरा प्रश्न जेवणाचा होता. आम्ही दुसऱ्या मजल्यावर राहतो, लिफ्ट नाही. मिस्टर बुटीबोरीला शिफ्टमध्ये, मुलगा पुण्याला. आधी एक साधा जेवणाचा डबा लावला, पण त्याच्या भाजीवर बोटभर तर्री. त्यात दुखण्याच्या गोळ्या, कॅल्शियम, लोह, आणि दिवसभर आडवं पडून राहणं. पाच-पाच दिवस पोट साफ होत नव्हतं. ज्याचा पाय मोडला आहे आणि ज्याला कमोडवर बसताना एक पाय हवेत धरावा लागतो, त्यालाच कळेल हा त्रास काय असतो. समोरच्या काकूंनी धरमपेठेतल्या एका ताईंचा नंबर दिला. त्या घरूनच कच्च्या आहाराचा डबा देतात, काहीही शिजवलेलं नाही.

ताईंचं नाव मी इथे लिहीत नाही. तक्रारीच्याही गोष्टी लिहायच्या आहेत, आणि एकट्या बाईचा घरगुती धंदा आहे.

दर असा: सकाळचा डबा १०० रुपये, दुपारचा १६०. रविवारी सुट्टी, म्हणजे महिन्याचे २६ दिवस धरले तर ६,७६० रुपये. स्वस्त नाही. पण डबा स्टीलचा, खाली बर्फाची पिशवी, आणि आणणारा पोरगा दोन जिने चढून माझ्या पलंगाशेजारच्या स्टुलावर ठेवून, झाकण सैल करून जायचा. झाकण सैल करून द्यायला त्याला कोणी सांगितलं नव्हतं. पहिल्याच दिवशी मला ते उघडताना त्रास होतोय हे त्याने पाहिलं, आणि मग रोज तसंच. सवाअकराची वेळ तीन महिन्यांत दोनदाच चुकली.

सकाळच्या डब्यात लवकीचा (दुधीचा) किंवा पालकाचा रस, एक आवळा किसून, आणि फळ: पपई, जाम (म्हणजे पेरू), केळं, जे असेल ते. दुपारी मोड आलेले मूग, किसलेलं गाजर, काकडी, ओलं खोबरं, लिंबू, वर सांबार, म्हणजे आपली कोथिंबीर. सोबत भिजवलेले फल्लीदाणे (शेंगदाणे), तिळाची ओली चटणी, जवसाची भुकटी आणि दोन खजूर. काकडीच्या जाड चकत्यांवर फल्लीदाण्याचं हिरवी मिरची घालून केलेलं वाटण असायचं, ते मी आधी संपवायची. इतकं ताजं काकडीचं पाणी आणि दाण्याचा तो कच्चा, दुधाळ गोडवा एकत्र मी आधी कधी खाल्लाच नव्हता.

चौथ्या दिवशी पोट मोकळं झालं. आठवड्याभरात तोंडाची चव आली, जेवणाच्या वेळेला भूक लागायला लागली. एवढ्यासाठी मी या ताईंची आजन्म ऋणी राहीन, खरंच सांगते.

लवकीच्या रसाची मला भीती होती. लवकी कडू निघाली तर तिच्यात कुकुरबिटासिन नावाचं विषारी द्रव्य असतं, आणि कडू रस तसाच पिऊन माणसं दगावल्याच्या बातम्या आपण वाचलेल्या आहेत. मी ताईंना फोन करून विचारलं. त्या म्हणाल्या, "काकू, मी प्रत्येक लवकीचा देठाकडचा तुकडा आधी स्वतः चाखते. कडवट लागली की पूर्ण फेकते, भाजीत पण नाही टाकत." त्यानंतर त्या रोज सकाळी मला मेसेज टाकायच्या: "आजची चाखली, गोड आहे." माझ्या मते कच्चं विकणाऱ्या माणसाकडे पहिली पाहायची गोष्ट हीच, त्याला कोणत्या वस्तूची भीती बाळगायची ते कळतं का.

आता तक्रारी.

डब्यासोबत पहिल्या दिवशी एक पत्रक आलं होतं. शिजवलेलं अन्न मृत असतं, कच्च्या अन्नातल्या एन्झाइममुळे हाडं लवकर जुळतात, दूध बंद करावं, वगैरे. खाली गांधीजींचं चित्र. माझे बाबा ८२ वर्षांचे आहेत, वर्ध्याला खादी भांडारात आयुष्य गेलं. त्यांनी चष्मा लावून ते पत्रक शेवटपर्यंत वाचलं आणि म्हणाले, "१९२९ मध्ये बापूंनी कच्चं खाऊन पाहिलं होतं. आमांश झाला, मग सोडून दिलं. हे नाही छापलं यांनी? आणि बकरीचं दूध तर ते घेतच होते ना जी." मी तेव्हा बाबांचं ऐकलं नाही. पोटाला आराम पडला होता, त्यामुळे पत्रकातलं बाकीचंही खरं वाटत होतं. मी दूध बंद केलं, रात्री नुसती फळं खायला लागले. पूर्ण पाच आठवडे मी शिजवलेलं काही खाल्लं नाही.

सप्टेंबरच्या शेवटी एक दिवस मुगाला किंचित आंबूस वास होता. पाऊस थांबून उकाडा झाला होता, तसा नागपूरला त्या दिवसांत होतो. मी लिंबाचा वास समजून खाल्लं. रात्री दीड वाजल्यापासून जुलाब. वॉकर घेऊन, उजव्या पायाचा फक्त अंगठा टेकवत, पलंगापासून संडासापर्यंत चौदा पावलं. त्या रात्री मी ती सहा वेळा चालले. चौथ्या वेळी ओल्या फरशीवर वॉकरचं रबर सरकलं आणि मिस्टरांनी मागून गाऊन धरला म्हणून वाचले. त्या पायावर पडले असते तर आत रॉड असून काय झालं असतं, हा विचार आजही येतो.

मोड यायला जो ओलावा आणि ऊब लागते तीच जंतूंनाही लागते. २०११ मध्ये जर्मनीत मेथीच्या मोडांमधून ई-कोलाय नावाचा जंतू पसरला आणि पन्नासहून जास्त लोक मेले, ते काही घाणेरड्या हॉटेलातलं अन्न नव्हतं. आजारी माणसाने, म्हाताऱ्यांनी, गरोदर बाईने मोड शिजवूनच खावेत असं यासाठीच सांगतात. ताईंना कळवलं तेव्हा त्यांनी एकही कारण पुढे केलं नाही. त्या दिवशीचे आणि पुढच्या दोन दिवसांचे पैसे परत केले, स्वतः भेटायला आल्या, आणि म्हणाल्या, "काकू, तुमच्या डब्यातले मूग मी यापुढे चांगले वाफवून देते. माझं व्रत माझ्यापाशी." त्या स्वतः सहा वर्षांपासून कच्चंच खातात, त्यांना हे म्हणणं सोपं गेलं नसणार.

दुसरी तक्रार मात्र मोठी आहे, आणि ती मला सहाव्या आठवड्याच्या एक्स-रेनंतर कळली. हाडाच्या टोकांभोवती जो कॅलस, म्हणजे नव्या हाडाचा भराव, दिसायला हवा, तो अगदी पुसट होता. डॉक्टरांनी वजन विचारलं. ६४ किलोवरून साडेसाठ. फिजिओच्या मुलीने टेप लावून मांडी मोजली, उजवी डावीपेक्षा चार सेंटिमीटर बारीक. डॉक्टरांनी काय खाताय विचारलं, मी अभिमानाने सांगितलं. ते रागावले नाहीत. त्यांनी माझ्या खोलीच्या खिडकीतून दिसणाऱ्या बांधकामासारखंच एक उदाहरण दिलं: "मॅडम, लोहा बांधल्याशिवाय कोणी स्लॅब टाकतं का? हाडात आधी कोलॅजनची जाळी होते, ती प्रोटीनची. कॅल्शियम मागून त्या जाळीत बसतं. तुम्ही नुसतं सिमेंट मागवून राहिल्या."

मी गणिताची शिक्षिका आहे. पाच आठवडे डबा खाल्ला आणि एकदाही बेरीज केली नाही, याचं मला फार वाईट वाटलं. त्या रात्री वही घेतली. डब्यातले मूग कोरडे असताना साधारण ३० ग्रॅम, त्यातून ७ ग्रॅम प्रोटीन. फल्लीदाणे ३० ग्रॅम, त्यातून साडेसात. तीळ ३, जवस २, खोबरं दीड, फळं-भाज्या सगळ्या मिळून ५. दोन्ही डबे मिळून २६ ग्रॅम. मोठं हाड मोडल्यावर किलोमागे किमान १.२ ग्रॅम धरायला डॉक्टरांनी सांगितलं, म्हणजे माझ्या ६४ किलोंना ७७. मी एक तृतीयांशावर होते. मोडाने मुगातलं प्रोटीन वाढत नाही, फक्त पाणी वाढल्याने वाटी मोठी दिसते.

रक्ताच्या तपासणीत बी-१२ आणि व्हिटॅमिन डी, दोन्ही कमी निघाले. यात डब्याचा दोष नाही, हे मी स्पष्ट लिहिते. बी-१२चा साठा शरीरात वर्षानुवर्षं टिकतो, तो पाच आठवड्यांत संपत नाही. माझा आधीपासूनच कमी असणार. पण भाजी-फळं-दाण्यांत बी-१२ नसतंच, आणि दूधही बंद केलं तर ते येणार कुठून? हे पत्रकात लिहायला हवं होतं. एन्झाइमचं म्हणाल तर तीही प्रोटीनच असतात, पोटात गेली की इतर प्रोटीनसारखीच पचून जातात, नडगीपर्यंत पोचत नाहीत. आणि रोज पालकाचा रस पिऊन त्यावर कॅल्शियमची गोळी घेणं हे तर माझंच चुकलं. पालकातलं ऑक्झॅलेट नावाचं द्रव्य कॅल्शियमला धरून ठेवतं, मग ते अंगी लागत नाही.

पण एक गोष्ट डॉक्टरांनीही उचलून धरली. ती जाळी विणायला व्हिटॅमिन सी लागतं, आणि आवळा-जाम-लिंबू यांतून ते मला भरपूर मिळत होतं. शिजवलं की ते बरंचसं जातं. म्हणजे डब्यातला तो भाग कच्चाच बरोबर होता. "बंद करू नका, त्यात भर घाला," असं ते म्हणाले.

ऑक्टोबरपासून मी सकाळचा डबा बंद करून फक्त दुपारचा ठेवला, आवळा आणि जाम त्यातच मागितले. बाकी घरचं: दोन उकडलेली अंडी १२, दोन कप दूध १३, तुरीचं वरण ७, पनीर ९, दही ४, तीन पोळ्या ९. दुपारच्या डब्यातले साधारण २२ धरून ७६. वहीच्या त्या पानाचा फोटो मी ताईंना पाठवला. दोन दिवस उत्तर नाही. मला वाटलं, दुखावल्या. तिसऱ्या दिवशी डब्यात एक चिठ्ठी: "मूग ५० ग्रॅम केले, फल्लीदाणे ४० केले, पैसे तेच. पत्रकातून हाडांची आणि दुधाची ओळ काढून टाकली." आता त्या प्रत्येक नवीन माणसाला आधी विचारतात, ऑपरेशन झालंय का, डॉक्टरांना दाखवलं का. हे मला समोरच्या काकूंकडून कळलं, ताईंनी स्वतः सांगितलं नाही.

बाराव्या आठवड्याच्या एक्स-रेत चारपैकी तीन बाजूंनी हाडाने हाड धरलेलं दिसलं. वॉकर सुटला, एक काठी आहे. वजन ६३. यातलं किती श्रेय अंड्यांचं, किती व्हिटॅमिन डीच्या पुड्यांचं, किती नुसत्या गेलेल्या दिवसांचं, ते मला वेगळं करून सांगता येणार नाही.

डबा कोणी लावावा? ज्याला आजारपणात पोटाचा त्रास आहे, फळं-भाज्या चिरून द्यायला घरात कोणी नाही, आणि जो एक वेळचं शिजवलेलं जेवण, दूध किंवा अंडी वेगळी घेऊ शकतो, त्याने खुशाल लावावा. मोड वाफवूनच मागावेत, पावसाळ्यात तर नक्की. पूर्ण कच्च्यावर राहून हाड जुळवायचं असेल तर माझ्याकडून नाही म्हणून घ्या. स्वच्छता, वेळ आणि माणुसकी यांना मी पाचपैकी पाच देते. पहिल्या पत्रकाला शून्य. आजच्या डब्याला चार, कारण रात्रीच्या जेवणाची सोय अजून त्यांच्याकडे नाही आणि १६० रुपये रोज सगळ्यांना परवडत नाहीत.

काल डब्यात आंबिया बहाराची दोन संत्री होती, साल अजून अर्धी हिरवी. पोरगा स्टुलाकडे वळला तेव्हा मी काठी टेकत दारापर्यंत गेले आणि डबा त्याच्या हातातून घेतला. झाकण त्याने सवयीने आधीच सैल केलं होतं.