कव्हरचे पैसे "वळते होणार" होते: मुंढव्याच्या एका बारमधला अनुभव

पुण्यात मुंढव्याच्या बाजूला रात्री उशिरापर्यंत चालणारी, हटके सजावटीची बरीच ठिकाणं झालीत. त्यातल्या एका ठिकाणी आम्हाला पद्धतशीर लुटलं. तक्रार चालू आहे म्हणून नाव लिहीत नाही, पण पद्धत सविस्तर सांगतो, कारण ती कुठेही वापरली जाऊ शकते.

मावसभाऊ आणि वहिनी कोल्हापूरहून आले होते. दादाला लाइव्ह संगीताची भारी हौस. जागा खरंच बघण्यासारखी: शिलाई मशीनच्या पायांवर ठेवलेली टेबलं, रिक्षाचं तोंड कापून केलेलं डीजेचं काउंटर. दारात माणशी 1500 कव्हर, म्हणजे आत जाण्याचे पैसे, घेतले. "सगळे खाण्यापिण्यात वळते होतील सर," म्हणत मनगटाला कागदी पट्टी चिकटवली. पावती मागितली, तर "पट्टी हीच पावती".

गाणं मात्र अप्रतिम झालं. ढोलकी आणि गिटार असे रंगले की दादा खुर्चीत बसेना.

बिल आलं एक वाजून गेल्यावर, बंद करायच्या घाईत. फिकट छपाई, वर "एस्टिमेट". मोबाइलच्या उजेडात ओळ न् ओळ वाचली. खाणं 1840, दारू 6300. आम्ही स्मॉल, म्हणजे 30 मिलीचे पेग सांगितले होते; बिलात सगळे 60 चे. खाली "आर्टिस्ट एक्स्पिरियन्स फी" 10 टक्के, 814 रुपये. व्हॅट 630. आणि या फीसकट सगळ्या रकमेवर, दारू धरून, 18 टक्के जीएसटी. एकूण 11,196. कव्हरचे 4500 कुठेच वजा नाहीत.

कॅप्टनला, म्हणजे वेटरांच्या प्रमुखाला, बोलावलं. "कव्हर अकराच्या आत वापरायचं असतं सर, मेनूत आहे." मेनू क्यूआरवर आणि तो बघायला मिळतो कव्हर भरून आत गेल्यावर! जीएसटी क्रमांक असलेलं पक्कं बिल मागितलं, तर सिस्टिम बंद. यूपीआयचा क्यूआर स्कॅन केला, तर बारऐवजी कुणा माणसाचं वैयक्तिक नाव आलं. तोवर दोन बाउन्सर टेबलाशी येऊन उभे राहिले होते. वहिनी घाबरल्या. म्हणून कार्डानेच पैसे भरले, स्लिपवर "रक्कम मान्य नाही" लिहून सही केली आणि सगळ्याचे फोटो काढले.

दारूवर जीएसटी लागतच नाही, तिच्यावर व्हॅट असतो. साध्या रेस्टॉरंटमध्ये खाण्यावरचा जीएसटी 5 टक्के. 18 टक्के लागतो तो महागड्या खोल्यांच्या हॉटेलातल्या रेस्टॉरंटला, आणि हे तसं नव्हतं. बिलावर जीएसटी क्रमांक लागतो, महाराष्ट्रातला 27 ने सुरू होतो. फूड लायसन्सचा क्रमांकही छापावा लागतो. एस्टिमेटवर दोन्ही नव्हते. मग जीएसटी म्हणून घेतलेले सुमारे 1600 रुपये सरकारकडे कसे पोचणार? या फीसारख्या सर्व्हिस चार्जबद्दल केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै 2022 मध्येच सांगितलंय, की तो आपोआप लावायचा नाही आणि दुसऱ्या नावानेही घ्यायचा नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च 2025 मध्ये ते उचलून धरलं.

सगळ्यात जास्त चीड आली ती त्या फीच्या नावाची. बाहेर पार्किंगमध्ये ढोलकीवाला भेटला. त्याला विचारलं, तर म्हणाला, "दादा, आम्हाला ठरलेलं मानधन मिळतं. ही फी आमच्यापर्यंत येत नाही." कलाकाराच्या नावावर पैसे काढायचे आणि त्याला दमडी द्यायची नाही, हे मला पेगच्या लबाडीपेक्षा वाईट वाटतं.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, 1915 वर, फोटोंसह तक्रार नोंदवली आहे. नंतर बारमधून फोन आला, "पुढच्या वेळी कव्हर फ्री देतो, तक्रार मागे घ्या." नकार दिला. तुम्ही अशा ठिकाणी गेलात तर कव्हरच्या अटी दारातच लेखी मागा, पेग समोर मापून घ्या, आणि कुणी अडवून धरलं तर सरळ 112 लावा. ज्यांच्याकडे असं "एस्टिमेट" पडून असेल त्यांनी ते टाकू नका, 1915 वर नोंदवा. एकाच ठिकाणाच्या चार तक्रारी गेल्या तर त्यांना उत्तर द्यावंच लागेल.