लंडनमधला बियरचा एक पाइंट: ‘जॉर्ज’ की ‘चेशायर चीज’?

ऊन पडलं असेल तर माझं उत्तर ठरलेलं: सदर्क भागातला ‘जॉर्ज इन’ हा पब. १६७६ च्या आगीनंतर पुन्हा उभी राहिलेली ही घोडागाड्यांची सराई. लाकडी सज्जे आता एकाच बाजूला उरलेत, बाकीचे रेल्वेवाल्यांनी पाडले. अंगणातल्या बाकावर बसायचं आणि हातपंपानं ओढलेली एल, म्हणजे इंग्रजी पद्धतीची बियर, घ्यायची. ती फार गार नसते. बर्फगार बियरची सवय असलेले आपले पाहुणे पहिल्या घोटाला तोंड वाकडं करतात, दुसरा पाइंट मात्र स्वतःहून मागतात! शुक्रवारी संध्याकाळी ऑफिसवाल्यांची झुंबड असते, तेव्हा नकोच.

फ्लीट स्ट्रीटचा ‘चेशायर चीज’ हा पब १६६७ चा. आत भरदुपारीही अंधार, खाली दगडी तळघरं. पर्यटक जरा जास्तच, पण पावसात शेकोटीजवळची खुर्ची मिळाली तर मी उठत नाही.