मिठागरं पाहायला कुठे जाल: बोनेअर की सॉल्ट के?

वेस्ट इंडिजकडे जायचं आणि नुसती वाळू नाही, तर तिथली मिठागरंही पाहायची, असं ठरवलं असेल तर दोन बेटांचा विचार करा. व्हेनेझुएलाच्या उत्तरेला डचांचं बोनेअर आणि बहामाच्या आग्नेयेला ब्रिटिशांच्या टर्क्स आणि कैकॉस बेटांपैकी सॉल्ट के. रजा आठवड्याची असेल तर दोन्ही जमत नाहीत. माझं मत आधीच सांगते. मिठागर कधी पाहिलंच नसेल तर बोनेअरला जा. मिठागराच्या गावात वाढला असाल तर सॉल्ट के बेटावर.

मी उरणकडची. आजोबा मिठागरावर कामाला होते. रात्री आजी त्यांच्या टाचांना खोबरेल चोळायची, भेगांत मीठ गेलेलं असायचं. म्हणून मिठाचे ढीग पाहिले की माझ्या मनात आधी ते उपसणाऱ्यांचे पाय येतात.

बोनेअरमध्ये मीठ आजही पिकतं. समुद्राच्या पाण्यात मीठ साधारण 3.5 टक्के. ते 26 टक्क्यांच्या आसपास पोचलं की तळाशी मीठ धरू लागतं. म्हणजे दहातले नऊ भाग पाणी उन्हावाऱ्याने उडून जायला हवं. बोनेअरला पाऊस कमी, वारा जवळजवळ बारमाही आणि चक्रीवादळांची नेहमीची वाट उत्तरेकडून जाते. पाणी एका वाफ्यातून दुसऱ्यात जाताना घट्ट होतं आणि शेवटी गुलाबी दिसू लागतं, कारण एवढ्या खारात काही सूक्ष्म शेवाळं आणि जिवाणूच तगतात आणि तो रंग त्यांचा. पलीकडे पांढऱ्याशुभ्र मिठाच्या टेकड्या. रस्त्याच्या वरून जाणारा सरकता पट्टा ते मीठ थेट धक्क्यावरच्या जहाजात ओततो.

त्याच रस्त्याने दक्षिणेकडे गेलात की गुलामांच्या झोपड्या लागतात. त्या 1850 मध्ये बांधल्या. दगडाच्या, अगदी समुद्राला लागून, कंबरेएवढ्या दाराच्या. मी वाकून आत गेले, पण आत गेल्यावरही कंबर सरळ करून चालता येईना. गुलामांनी आठवडाभर इथे राहायचं आणि बायकापोरं उत्तरेला रिंकोन गावात. आठवड्याच्या शेवटी सहा-सात तास चालत घरी आणि तेवढंच परत. डच वसाहतींतली गुलामी संपली 1863 मध्ये. जवळच 1837 चे उंच मनोरे आहेत, लाल, पांढरा, निळा, नारिंगी अशा रंगांचे. कुठल्या मिठागरासमोर नांगर टाकायचा, हे जहाजाला त्यावरून कळे.

पक्षी पाहायचे असतील तर पेकेलमेअरची खारी सरोवरं आहेत. कॅरिबियन रोहित पक्षी वीण घालतात अशा मोजक्या जागांपैकी ही एक. आत जायला बंदी आहे, दुर्बीण घेऊन रस्त्यावरूनच पाहा. ठाणे खाडीतले रोहित पाहिलेल्यांना यांचा रंग फारच गडद वाटेल.

सॉल्ट केवर यातलं काहीच चालू नाही. बेट सात चौरस किलोमीटरही नाही. सतराव्या शतकात बर्म्युडाचे लोक इथल्या बेटांवर मीठ ओढायला येऊ लागले. ते मीठ उत्तर अमेरिकेत कॉड मासा खारवायला जाई. राबायला गुलाम होते. शेजारच्या ग्रँड टर्कवर मेरी प्रिन्स नावाच्या स्त्रीने सुमारे दहा वर्षं हे काम केलं. तिने सांगितलेली जीवनकहाणी 1831 मध्ये लंडनला छापली गेली. पहाटे चारपासून गुडघाभर खारट पाण्यात उभं राहायचं, पायांना फोड यायचे आणि ते हाडापर्यंत चरत जायचे, असं ती सांगते. ते वाचताना मला आजीची खोबरेलाची वाटी आठवली.

धंदा मेला तो विसाव्या शतकात. वाफे लहान, काम हातावरचं आणि किनाऱ्याजवळ पाणी उथळ. जहाज दूर उभं, पोती होड्यांतून न्यायची. बोनेअरला किनाऱ्यालगतच समुद्र खोल आहे, म्हणून तिथे धक्का आणि यंत्रं आली आणि 1960 च्या दशकात नव्याने उत्पादन उभं राहिलं. सॉल्ट केवर आता उरलेत ते दगडी बांध, पाणी आत घेणाऱ्या झडपांचे अवशेष, मोडक्या पवनचक्क्या आणि खाली मीठ, वर मालकाचं बिऱ्हाड असं एक मोठं पांढरं घर. 2008 आणि 2017 च्या चक्रीवादळांनी त्यातलंही बरंच नेलं.

आमच्याकडची मिठागरं भराव घालून बुजवली गेली, बांध कुठे होता तेही आता दाखवता येत नाही. सॉल्ट केवर बांध जागेवर आहेत, चालत जाऊन हात लावता येतो. माझ्यासारखीला हेच जास्त मोलाचं वाटलं.

प्रवासाचं म्हणाल तर बोनेअरला अमेरिकेतून आणि ॲमस्टरडॅमहून थेट विमान मिळतं, गाडी घेतली की दिवसात सगळं होतं. सॉल्ट केसाठी आधी टर्क्स आणि कैकॉसमधलंच प्रॉव्हिडेन्शियल्स बेट, मग ग्रँड टर्क, तिथून बोट. समुद्र खवळला तर बोट रद्द होते, म्हणून परतीच्या विमानाआधी एक दिवस मोकळा ठेवा. दोन्हीकडे अमेरिकी डॉलरच चालतो. सॉल्ट के बेटावर जाणार असाल तर जून ते नोव्हेंबर टाळा आणि जमल्यास फेब्रुवारी-मार्च धरा, तेव्हा किनाऱ्यावरून हंपबॅक देवमासे दिसतात. दोन्हीकडे बांधांवर सावली नाही. टोपी आणि भरपूर पाणी घ्या, आणि पायांत बंद बूट घाला.